क्रीम सायफन, अर्धा लिटर: श्रीखंडासाठी घेतला आणि रिव्ह्यू भलतीकडेच गेला

आधीच सांगते, लांबलचक लिहिलंय. ज्यांना फक्त घेऊ का नको एवढंच हवंय त्यांनी हे वाचून सुटावं: घ्या, स्टीलचाच घ्या, आणि त्याच्या गॅसच्या नळकांड्या घरात औषधं ठेवता तशा वर ठेवा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

मी इलफर्डला राहते, म्हणजे पूर्व लंडन. मूळची नाशिकची. घरून ऑर्डरी घेते, श्रीखंड, पुरणपोळ्या, दिवाळीत फराळ, कौन्सिलकडे रीतसर नोंदणी केलेली आहे. तर मागच्या वर्षी पाडव्याच्या आधी एका बाईंनी चाळीस कप श्रीखंड मूस मागितलं, छोट्या काचेच्या कपात, वर फुगीर असं काहीतरी हवं म्हणाल्या. हाताने फेटून फेटून माझा खांदा आधीच गेलेला, त्यात हे चाळीस कप. नवरा म्हणाला मशीन घे की एक. मशीन म्हणजे हा सायफन, गॅसने क्रीम फुगवणारा. दिसायला आपल्या जुन्या सोडा वॉटरच्या बाटलीसारखा, स्टीलची बाटली, वर डोकं, डोक्याला दांडा आणि नोझल, बाजूला एक होल्डर, त्यात बोटाएवढी चंदेरी नळकांडी घालायची आणि आवळायची. फुस्स आवाज होतो आणि सगळा गॅस बाटलीत जातो. साठेक पौंड पडले.

आता मशीनबद्दल. झकास आहे. श्रीखंडासाठी मी दोन भाग चक्का, एक भाग डबल क्रीम म्हणजे इथली घट्ट क्रीम, पिठीसाखर, दुधात खललेलं केशर असं घेते. हे सगळं बारीक गाळणीतून दोनदा, हो दोनदाच, गाळायचं. पहिल्या वेळी मी एकदाच गाळलं आणि वेलचीचा एक दाणा नोझलमधे असा काही जाऊन बसला की अर्धा तास मी टाचणीने उकरत होते. चारोळी पिस्ते आत घालायचा विचारही करू नका, ते वरून. बाटली आतल्या रेघेच्या वर भरायची नाही, गॅसला जागा लागते. अर्ध्या लिटरला एक नळकांडी, ८ ग्रॅमची. चार-पाच वेळा हलवा, फ्रीजमधे तासभर आडवी ठेवा, मग पूर्ण उलटी धरून दाबा. हाताने फेटलेली क्रीम दुप्पट होते, यात चौपटीच्या आसपास जाते, चाळीस कपांचा माल बघता बघता झाला आणि खांदा जागेवर.

आमरस एकटा नाही टिकत. डब्यातला हापूसचा रस नुसता घातला तर फेस येतो आणि दोन मिनिटात बसतो, कारण हा सगळा खेळ चरबीचा आहे, गॅस दाबाखाली क्रीममधल्या फॅटमधे विरघळतो आणि बाहेर आला की फुगतो. रसात निम्मी क्रीम घाला, मग बघा. सोलकढीचा फेस करायची हौस मात्र कुणी करू नये. नारळाचं दूध घट्ट होतं म्हणून मला वाटलं जमेल, बाटली नीट उलटी धरली नव्हती, तिरकी होती, सगळी सोलकढी पिचकारीसारखी खिडकीच्या पांढऱ्या ब्लाइंडवर. अजून गुलाबी डाग आहे. पाहुणे विचारतात, मी रंगपंचमी सांगते.

डोकं स्टीलचं आहे का हे बघून घ्या, इथे कंजुषी नको. २०१७ मधे फ्रान्समधे एका फिटनेस ब्लॉगर बाईचा असाच सायफन फुटून जीव गेला, बाटलीचा भाग सुटून छातीवर बसला. तिकडे प्लास्टिकच्या डोक्याच्या बाटल्यांनी बऱ्याच लोकांना इजा झाल्या होत्या. प्रेशरची वस्तू आहे, कुकरइतकाच मान द्यायचा. उरलेला गॅस नोझलमधून पूर्ण सोडल्याशिवाय डोकं फिरवायचं नाही.

एवढंच लिहून थांबणार होते. पण मग नळकांड्या संपल्या आणि नवीन मागवायला गेले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी नक्की काय विकत घेतेय.

त्या नळकांडीत असतो नायट्रस ऑक्साइड. तोच, लाफिंग गॅस, हसवणारा वायू. दाताच्या डॉक्टरकडे भीती घालवायला देतात तो. डब्यावर ई९४२ लिहिलेलं असतं, तो त्याचा खाण्याच्या पदार्थातला नंबर. आणि ज्या बायकांची बाळंतपणं या देशात झालीत त्यांना गॅस अँड एअर आठवत असेल, अर्धा नायट्रस अर्धा ऑक्सिजन, तो पण हाच. माझ्या वेळी मी तो नळीने ओढत होते आणि शुद्ध नाशिकच्या भाषेत सासूबाईंबद्दल जे काही बोलले ते दाईला कळलं नाही पण नवऱ्याला कळलं, तो अजून काढतो अधूनमधून. पण तिथे अर्धा ऑक्सिजन असतो, कुणीतरी बाजूला उभं असतं, आणि काही तासांचा मामला असतो. हा फरक पुढे लागेल म्हणून सांगतेय.

आमच्या रस्त्यावर या नळकांड्या मी कित्येक वर्षं बघत होते बरं का. फुटपाथच्या कडेला, पार्कच्या बाकाखाली, गाडीच्या चाकाशी, चंदेरी चंदेरी, सोबत विझलेले रंगीत फुगे. लेक लहान असताना गोळा करून आणायची, रॉकेट म्हणायची त्यांना. मला वाटायचं कसल्या तरी सायकलच्या पंपाच्या असतील. पोरं फुग्यातून हा गॅस ओढतात, नॉस म्हणतात त्याला किंवा सरळ बलून. अर्धा-एक मिनिट डोकं हलकं होतं, हसायला येतं, संपलं, की पुढचा. नॉटिंग हिलच्या कार्निव्हलनंतर, म्हणजे लंडनच्या त्या रस्त्यावरच्या मोठ्या उत्सवानंतर, म्हणे टनांनी उचलतात.

आणि आता तर ८ ग्रॅमवर कुणाचं भागतच नाही. सहाशे-साडेसहाशे ग्रॅमचे मोठे सिलिंडर निघालेत, म्हणजे माझ्या छोट्या ऐंशी नळकांड्या एका बाटल्यात, आणि ते येतात स्ट्रॉबेरी, नारळ, आंबा अशा फ्लेवरमधे, डब्यावर झगमग चित्रं. मी इतकी वर्षं गोडाचं करतेय, मला सांगा कुठल्या आचाऱ्याला गॅसला आंब्याचा वास लागतो? आंबा बाटलीत घालतात हो, गॅसमधे नाही. तो डबा कुणासाठी छापलाय हे कळायला आचारी असायची गरज नाही.

म्हणून इथे ८ नोव्हेंबर २०२३ पासून कायदा बदलला, नायट्रस ऑक्साइड अमली पदार्थांच्या क्लास सी मधे गेला. नशेसाठी जवळ बाळगला तर दोन वर्षांपर्यंत, विकला तर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्याआधी २०१६ च्या कायद्यात नशेसाठी विकणं गुन्हा होता, पण जवळ असणं नव्हता. गंमत म्हणजे सरकारच्याच सल्लागार मंडळाने २०२३ च्याच मार्चमधे सांगितलं होतं की बंदी घालू नका, तरी घातली. हॉलंडवाले आधीच, १ जानेवारी २०२३ पासून बंदी करून बसलेत, तिकडे पोरं गाडी चालवता चालवता ओढत होती. स्वयंपाकासाठी, दवाखान्यासाठी मात्र चालतो, लायसन लागत नाही, पण तुमचा हेतू काय ते दिसलं पाहिजे. म्हणजे माझ्या कपाटातली तीच नळकांडी श्रीखंडासाठी असेल तर भांडं आणि फुग्यासाठी असेल तर गुन्हा. आता माझ्या मते बंदी करून पोरं थांबलीत असं काही दिसत नाही, बाकाखाली चंदेरी जाऊन मोठे सिलिंडर आलेत एवढंच. पण ते आंब्याचे डबे कोपऱ्यावरच्या दुकानात उघड मांडून ठेवलेले असायचे ते गेले, तेवढं बरं झालं.

हे सगळं मला पेपरातल्या बातमीसारखं माहीत होतं, म्हणजे दुसऱ्याचं. मग आमच्याकडचा पीजी.

वरच्या खोलीत एक पोरगा राहतो, सांगलीकडचा, मास्टर्स करायला आलेला, संध्याकाळी गोडाउनमधे शिफ्ट. शाकाहारी, तोही असा की केकमधे अंडं आहे का विचारणार. पनीर आवडत नाही, दूध पचत नाही म्हणतो, म्हणजे चहापुरतं. चांगला आहे, जाता येता "काकू काही आणू का" विचारतो. तर गेल्या फेब्रुवारीत एक दिवस मी जिन्यात त्याची एक स्लीपर पडलेली बघितली. उचलून वर नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी परत तिथेच. मी ओरडले, अरे स्लीपर काय ठिकठिकाणी टाकतोस. तर तो पायाकडे बघायला लागला, एका पायात होती, एका पायात नव्हती, आणि त्याला माहीतच नव्हतं. निसटल्याचं कळलंच नव्हतं त्याला.

माझ्या आईचं बी-१२ कमी झालेलं, तेव्हा ती असंच म्हणायची, कापसावर चालल्यासारखं वाटतं गं. म्हणून मी त्याला खोदून विचारलं. पायाला मुंग्या येतात, तीन आठवडे झाले. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. अंघोळीला डोळे मिटले साबण लावायला की तोल जातो. म्हणे थंडीने होत असेल काकू. थंडीने! दुसऱ्या दिवशी त्याला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे ढकलला, तिथून मोठ्या हॉस्पिटलात, मी सोबत, कारण इथे त्याचं दुसरं कोण आहे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी त्याला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिट म्हणाल्या. मिटले आणि हा असा डोलायला लागला की बाईंनी दोन्ही हात पुढे करून ठेवलेच होते, त्यात आला. मग तो चिमटा असतो ना कंपनाचा, ठोकला की गुणगुणतो, तो अंगठ्यावर टेकवला, थरथर लागते का. नाही. घोट्यावर. नाही. गुडघ्यावर आल्यावर म्हणाला हां, आता. मी खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला त्या चिमट्याचा आवाज चार फुटावरून येत होता, त्याला स्वतःच्या अंगठ्यावर कळत नव्हता.

आणि मग बाईंनी अगदी सहज, वजन उंची विचारावी तसं विचारलं, बलून करतोस का? तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं मी बाहेर थांबते. बाहेर आले, पण त्या बघण्यातच उत्तर होतं.

तर प्रकार असा, हे मला नंतर त्यांनीच नीट समजावून सांगितलं. बी-१२ च्या मधोमध कोबाल्टचा एक अणू असतो. हा गॅस त्या कोबाल्टलाच धरतो आणि बी-१२ निकामी करतो, गंजवतो म्हणा ना. बी-१२ लागतं कशाला, तर नसांवरचं जे आवरण असतं, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं, ते राखायला. ते गेलं की पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या वायरी उघड्या पडतात, आणि पहिला फटका पायांना. चालताना पाय कुठे आहे ते मेंदूला कळत नाही, म्हणून स्लीपर कळली नाही. रक्तातला बी-१२ चा आकडा कधी कधी नॉर्मल पण येतो, कारण बी-१२ असतं, पण मेलेलं असतं, म्हणून होमोसिस्टीन वगैरे वेगळ्या तपासण्या करतात. दाताच्या डॉक्टरकडे एकदा घेतलेल्याने सहसा हे होत नाही. आठवड्याला, मग दोन दिवसांनी, मग रोज, असं चढत गेलं की होतं.

आणि आता मला जे सांगायचंय ते. आपल्यात, शाकाहारी घरांत, बी-१२ आधीच तळाला असतं. सातपैकी चार दिवस उपास-तापास आणि उरलेल्या तीन दिवशी वरणभात. नाशिकला आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना डॉक्टरने ती लाल इंजेक्शनं घ्यायला सांगितलेली. म्हणजे मांस-मासे खाणाऱ्या पोराच्या टाकीत जेवढं असतं तेवढं आपल्या पोराच्या टाकीत नसतंच, आणि दोघं एकाच गाडीत बसून सारखेच फुगे ओढतात. हे त्या मोठ्या सिलिंडरवर लिहिलेलं नाही. माझ्या छोट्या डब्यावरही "श्वासाने घेऊ नये" एवढंच आहे, बारीक अक्षरात. व्हाइटचॅपलच्या रॉयल लंडन हॉस्पिटलमधले नसांचे डॉक्टर आणि क्वीन मेरी युनिव्हर्सिटीवाले यावर ओरडून सांगतायत गेली काही वर्षं, पूर्व लंडनमधे अशी पोरं खूप येतात त्यांच्याकडे. पण सांगलीहून आलेल्या पोराला कोण सांगणार, त्याला वाटलं दारू नाही, सिगरेट नाही, मांसाहार तर नाहीच, हवा तर आहे. हे त्याचेच शब्द. "काकू, हवा आहे असं वाटायचं."

त्याच्या दोस्तांत म्हणे एक समज आहे की बी-१२ च्या गोळ्या घेत राहिलं की चालतं. नाही चालत. बाईंनी स्पष्ट सांगितलं, वरून ओतत राहाल आणि खालून गॅस ते मारत राहील. आधी बंद, मग इंजेक्शन. त्याला एक दिवसाआड इंजेक्शनं चालू झाली, लालभडक औषध, आईचीच आठवण आली.

त्या रात्री मला झोप नाही. दोन वाजता उठून मी स्वयंपाकघरात गेले आणि माझा नळकांड्यांचा डबा उतरवून मोजायला लागले. चोवीसचा डबा, सात वापरलेल्या, कुठल्या ऑर्डरीला कुठली ते वहीत लिहिलेलं. सतरा असायला हव्यात. सतरा होत्या. दिवा बंद करून तिथेच बसले थोडा वेळ, मोजल्याची लाज वाटली. तो ज्या पोरांबरोबर जायचा त्यांच्या गाडीत असायचे सिलिंडर, माझ्या डब्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी दुसऱ्या दिवसापासून डबा माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे.

मग जागीच होते तर वाचत बसले या गॅसबद्दल. प्रीस्टली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधला १७७२ मधे. हंफ्री डेव्ही म्हणून एक वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, त्याने १७९९ मधे ब्रिस्टलला स्वतःवर प्रयोग केले, ओढ ओढ ओढला, कवी मित्रांना पण दिला, आणि १८०० च्या पुस्तकात लिहून ठेवलं की याने वेदना जातात, ऑपरेशनला उपयोग होईल. पुढची चव्वेचाळीस वर्षं ते कुणी मनावर घेतलं नाही, लोक जत्रेत तिकीट काढून हा गॅस ओढायचे आणि बाकीचे बघून हसायचे. म्हणजे नशा आधी आणि औषध नंतर, आपल्याला वाटतं उलटं आहे. १० डिसेंबर १८४४ ला अमेरिकेत हार्टफर्डला अशाच एका शोमधे एका माणसाने गॅसच्या भरात पाय बाकावर आपटून घेतला, रक्त आलं आणि त्याला कळलं नाही. प्रेक्षकात होरेस वेल्स नावाचा दाताचा डॉक्टर बसलेला, त्याने ते बघितलं, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः गॅस घेऊन स्वतःची दाढ काढवून घेतली. पाय लागला आणि कळलं नाही, यावरून हा गॅस भुलीसाठी वापरायला सुरुवात झाली. मी वाचलं आणि जिन्यातली स्लीपर आठवली.

असो. मशीनकडे येते. वर्षभराच्या वापरानंतर: बाटली ठणठणीत, रबराची रिंग एकदा बदलली, ती सुटी मिळते. सोबत आलेला छोटा ब्रश तिसऱ्या महिन्यात टकला झाला, मी बाळाच्या बाटलीचा वापरते. डिशवॉशरमधे डोकं घालू नका, नोझलच्या आत पांढरं साचतं. सूचनांचं पुस्तक सहा भाषांत आणि एकातही धड नाही. बाटलीला साडेचार स्टार. नळकांड्यांना तीन, कारण डब्यावर एक ओळ जास्त छापायला शाई किती लागते.

पोरगा बरा आहे. जिना कठडा न धरता उतरतो, उजव्या अंगठ्याला अजून पूर्ण कळत नाही, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, कदाचित थोडं राहील. गोडाउनची शिफ्ट बदलून घेतली, त्या गाडीत बसत नाही आता. घरी आईला पायाचं सांगितलंय, कारण नाही सांगितलं, ते मी पण सांगणार नाही. अंडं खायला तयार झालाय, उकडलेलं, नाक धरून.

या महिन्यात परत चोवीसचा डबा मागवला. पूर्वी दोन क्लिकमधे यायचा, आता दुकानवाल्यांचा फॉर्म आला, व्यवसायाची नोंदणी, पत्ता, आणि वापर कशासाठी. मी लिहिलं श्रीखंड. दुसऱ्या दिवशी मेल, श्रीखंड म्हणजे काय. आता हे कसं समजवायचं, मी चाळीस कपांचा फोटो पाठवला, केशर, वर पिस्ता, ब्लाइंडवरचा गुलाबी डाग नेमका कोपऱ्यात आलेला. तीन दिवसांनी डबा आला, सोबत चिठ्ठी, सुंदर दिसतंय, मागे भिंतीला काय झालं?